वेस गावाची, नळ सरकारचा

सू लुकआउटच्या छोट्याशा विमानतळावर माणसांपेक्षा त्यांच्या सामानाकडे बघत बसावं. डायपरचे गठ्ठे, अंड्यांचे ट्रे, पिझ्झाचे खोके, कुणाच्या काखेत गाडीचा सुटा भाग, कुणाकडे नवाकोरा मायक्रोवेव्ह. दवाखान्याच्या किंवा बाजाराच्या कामाला आलेली ही मंडळी उत्तरेकडच्या आपापल्या गावी परत निघालेली असतात. त्या गावांना रस्ता नाही. जानेवारीत तळी आणि दलदली गोठल्या, की बर्फावरून तात्पुरता रस्ता पडतो. मार्चअखेर तो विरघळतो. त्या दोन-अडीच महिन्यांत डिझेल, सिमेंट, घराचे वासे असं सगळं जड सामान ट्रकने नेऊन टाकायचं. एरवी जे काही जाईल ते विमानानेच जातं: माणूस, दूध, औषध आणि आजारसुद्धा.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेस’ हा विषय सुचवला, तेव्हा मला कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचा हा उत्तर भाग आठवला. मी राहतो तो टोरांटोचा परिसर याच प्रांतात येतो, पण इथल्या आम्हा मराठी मंडळींचा ओंटारियो नायगाऱ्यापासून सुरू होतो आणि फार तर दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या तळ्याकाठच्या भाड्याच्या बंगलीपाशी संपतो. प्रांताचा दोन तृतीयांश भाग त्याच्याही पलीकडे आहे. तिथे क्री, ओजी-क्री आणि ओजिब्वे या आदिवासींची ४९ गावं ‘निशनॉबी आस्की नेशन’ या संघटनेखाली एकत्र आली आहेत. जमीन महाराष्ट्राच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि लोकसंख्या जेमतेम ४५ हजार. गावाचा कारभार निवडून आलेला चीफ आणि त्याचं मंडळ बघतं. चीफ म्हणजे डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेला, सिनेमातला सरदार हे चित्र मनातून पुसावं. हा माणूस सकाळी जनरेटरच्या डिझेलचा हिशेब बघतो, दुपारी राजधानी ओटावाच्या अधिकाऱ्यांशी फोनवर भांडतो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मयताला जातो.

कोविडच्या काळात या गावांनी काय केलं, ते कुठवर टिकलं आणि कुठे तुटलं, हे पाहायला मी सू लुकआउट आणि थंडर बे या दोन शहरांत हिंडलो. उत्तरेच्या गावांची दवाखान्याची, शाळेची आणि बाजाराची वाट या दोन शहरांतूनच जाते.

धावपट्टीवरची नाकेबंदी

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे अनेक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि बैलगाड्या आडव्या टाकल्या होत्या. पुण्या-मुंबईहून आलेल्या सख्ख्या पोरालाही शाळेच्या खोलीत झोपवलं होतं. त्याच सुमारास ओंटारियोच्या उत्तरेत एकामागून एक गावं बाहेरच्यांना बंद होत होती. तिथे फांद्या टाकण्याची गरजच पडली नाही. खडीची एक धावपट्टी, शेजारी एक शेड, एवढीच गावाची वेस. तिच्यावर नजर ठेवली की झालं.

ही राखण त्यांना नवी नव्हती. यातल्या बऱ्याच गावांत दारूबंदी आहे आणि ती गावाने स्वतःच घातलेली आहे. उतरणाऱ्या प्रवाशाची पिशवी धावपट्टीवरच उघडून बघायची, हा तिथला जुना रिवाज. कोविडमध्ये त्याच शेडमधल्या त्याच टेबलावर पिशवीबरोबर तापमान आणि प्रवासाची माहिती तपासली जाऊ लागली. बाहेरच्या कामगारांचं येणं थांबलं. मालाची विमानं चालू राहिली, पण वैमानिकाने खाली पाय ठेवायचा नाही, सामान गावच्या माणसांनी उतरवून घ्यायचं, असे नियम आले. गावचं कुणी बाहेरून परतलं की चौदा दिवस वेगळं राहायचं.

या नाकेबंदीचा कायदेशीर आधार मोठा गमतीचा आहे. कॅनडाचा ‘इंडियन ॲक्ट’ मूळ १८७६ सालचा. आदिवासी कोणाला म्हणायचं, त्यांनी कुठे राहायचं आणि त्यांच्या पैशांचं काय करायचं, हे सगळं ओटावाने ठरवावं म्हणून तो केला गेला. या कायद्याच्या कलम ८१ मध्ये गावाच्या मंडळाला जे थोडे अधिकार आहेत, त्यांत अगदी पहिला आहे तो रहिवाशांचं आरोग्य जपण्याचा आणि संसर्गजन्य रोगांचा फैलाव रोखण्याचा. मंडळाने केलेला नियम रद्द करण्याचा मंत्र्याचा अधिकार २०१४ अखेर निघाला. त्यामुळे कोविड आला तेव्हा वेस बंद करायला कुणाच्या सहीची वाट पाहावी लागली नाही. बेडी घालणाऱ्यानेच किल्ली एका कोपऱ्यात विसरून जावी, आणि ती या लोकांनी नेमकी वेळेवर उचलावी, तसं झालं.

नियम कागदावर सोपा होता, अंगावर मात्र जड गेला. या गावांत हॉस्पिटल नाही. परिचारिकांचं छोटं केंद्र असतं आणि डॉक्टर अधूनमधून विमानाने येतात. बाळंतपण गावात होत नाही. दिवस भरत आले, की बाईने कित्येक आठवडे आधी सू लुकआउट किंवा थंडर बेला येऊन वसतिगृहात राहायचं. घरी आणखी लहान मुलं असतात, ती मागे ठेवायची. कोविडमध्ये यात परतल्यावरच्या विलगीकरणाची भर पडली. तान्हं बाळ घेऊन आई गावात उतरली, तरी आजी त्याला काचेपलीकडूनच बघणार. डायलिसिसच्या रुग्णांची अडचण वेगळी होती. त्यांना आठवड्यातून तीनदा मशीन लागतं, त्यामुळे ते शहरातच अडकून पडले.

न विचारता सावध झालेले

पहिल्या लाटेत कॅनडाच्या आदिवासी वस्त्यांमधलं लागणीचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच कमी राहिलं. गरिबी, दाटीवाटी आणि मधुमेह हे सारं असूनही असं कसं झालं? आरोग्य खात्याच्या सूचना यायच्या आधीच ही गावं का हलली? उत्तरेत हा प्रश्न विचारला की लोक २००९ सालाबद्दल बोलू लागतात.

त्या वर्षी स्वाइन फ्लू आला. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातल्या सेंट थेरेसा पॉइंट आणि आसपासच्या गावांत तो जोरात पसरला. हात धुण्याचा सॅनिटायझर पाठवायचा की नाही यावर अधिकारी अडले, कारण त्यात अल्कोहोल असतं आणि आदिवासी ते पितील अशी शंका! सप्टेंबरमध्ये दुसऱ्या लाटेच्या तयारीचं सामान म्हणून खोकी आली. वासागमॅक आणि गॉड्स रिव्हर इथल्या खोक्यांत मास्क आणि हातमोज्यांबरोबर प्रेतं गुंडाळायच्या पिशव्या निघाल्या. चौकशी झाली, खेदही व्यक्त झाला. पण सरकार आपल्याबद्दल काय गृहीत धरून बसलं आहे, हे लोकांना त्या दिवशी कळलं ते कळलंच.

त्याआधीची आठवण आणखी खोल आहे. ओंटारियोतल्याच केनोराच्या सेसिलिया जेफ्री निवासी शाळेत उत्तरेकडच्या गावांतली मुलं आईबापांपासून तोडून आणली जात. १९४० च्या दशकाच्या शेवटी देशातल्या सहा निवासी शाळांतल्या मुलांवर पोषणाचे प्रयोग झाले, त्यांत ही शाळाही होती. मुलं अर्धपोटी आहेत हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. काहींना जीवनसत्त्वं दिली, काहींना दिली नाहीत, आणि फरक नोंदवत राहिले. इयन मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ मध्ये हे प्रकरण उजेडात आणलं.

तिसरी आठवण मात्र लढ्याची आहे. जानेवारी १९८८ मध्ये सँडी लेक गावचे जोसायस फिडलर आणि त्यांचे साथीदार सू लुकआउटच्या सरकारी इस्पितळात उपोषणाला बसले. आमच्या माणसांवरचे उपचार कसे चालतात ते आम्हाला विचारून ठरवा, एवढीच मागणी. त्यातून चौकशी समिती नेमली गेली, आणि १९९० मध्ये गावांच्या चीफमंडळींना उत्तरदायी असलेलं सू लुकआउट फर्स्ट नेशन्स आरोग्य प्राधिकरण उभं राहिलं. आज ते ३३ गावांचं काम पाहतं. २०२० मध्ये संपर्क शोधणं, विलगीकरणाच्या खोल्या मिळवणं आणि गावागावाला रोजची माहिती पुरवणं ही कामं याच यंत्रणेतून झाली. बत्तीस वर्षांपूर्वीच्या उपोषणाचं फळ असं महासाथीत पदरात पडलं. शहरात आज उभं असलेलं ‘मेनो या विन’ इस्पितळ २०१० चं. तिथल्या स्वयंपाकघरात रुग्णांसाठी मूस हरणाचं आणि रानबदकाचं मांसही शिजतं.

रेडिओ, बिंगो आणि चीफचा आवाज

नेतृत्व म्हणजे भाषण, असं आपण धरून चालतो. उत्तरेत त्याचं काम बरंचसं रेडिओवरून चालतं. जवळजवळ प्रत्येक गावात एक छोटं एफएम केंद्र असतं. एका खोलीत माइक आणि टेलिफोन, बस्स. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात, हरवलेल्या कुत्र्याची चौकशी होते आणि संध्याकाळी बिंगो रंगतो. आकडे रेडिओवर पुकारले जातात, घरोघरी लोक पत्रिकांवर खुणा करतात आणि जिंकणारा फोन लावतो. सगळं गाव कानाशी आणायला यापेक्षा चांगली वेळ कुठली? गाव बंद का आहे, कोण विलगीकरणात आहे, कुणाच्या दाराशी जेवण ठेवायचं, हे लोकांना कळायचं ते या केंद्रावरून, गावच्याच माणसाच्या तोंडून.

गावागावांतल्या या केंद्रांच्या जोडीला १९७४ पासून चालत आलेली ‘वावाटे’ ही संस्था आहे. तिचं रेडिओ जाळं सू लुकआउटहून आदिवासी भाषांत बोलतं. आरोग्याच्या सूचना भाषांतरित होऊन वडीलधाऱ्यांपर्यंत पोचल्या त्या अशा वाटांनी. या भाषांची लिपीही वेगळी आहे. त्रिकोण, कोन आणि ठिपक्यांची, चर्चच्या प्रार्थनापुस्तकांतून रुजलेली. इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी पत्रकं त्या लिपीत छापली गेली. सामाजिक अंतर, लक्षणं नसलेला रुग्ण, प्रतिपिंडं हे सगळं ओजी-क्रीत सांगायचं, तर शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. दुभाष्याला अख्खी गोष्टच सांगावी लागते.

शिक्षणाचाही काही भाग रेडिओवर आधीपासून होता. ‘वासा’ ही सू लुकआउटची दूरशिक्षण शाळा तीसहून अधिक वर्षं हायस्कूलचे धडे रेडिओवरून देते आहे. एरवी दहावी-बारावीसाठी चौदा-पंधरा वर्षांची पोरं घर सोडून थंडर बेला येतात आणि अनोळखी कुटुंबांकडे राहतात. २००० ते २०११ या काळात अशा सात विद्यार्थ्यांचा थंडर बेमध्ये मृत्यू झाला. त्यावरची न्यायालयीन चौकशी २०१६ मध्ये संपली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन मुलं घरी गेली. गावांत इंटरनेट असं, की एका घरात दोघांचे वर्ग एकदम चालले तर दोन्ही बंद पडावेत. अभ्यासाचं नुकसान मोठं झालं, आणि पोर शहरात नाही, घरात आहे, हा दिलासाही आईबापांना होता.

पूर आला, तेव्हा रानात

जेम्स उपसागराजवळ अल्बनी नदीकाठी काशेचवन नावाचं सुमारे एकोणीसशे वस्तीचं क्री गाव आहे. पूररेषेत बसवलेलं. वसंतात नदीतला बर्फ फुटतो, हिमखंड एकमेकांत अडकून पाणी तुंबतं आणि गावाला धोका होतो. म्हणून कित्येक वर्षं दर एप्रिलमध्ये सगळ्या गावाला विमानांनी उचलून दक्षिणेच्या शहरांतल्या हॉटेलांत ठेवायचं, असा शिरस्ता पडला. गाव उंचावर हलवण्याचे करार झाले, गाव मात्र तिथेच राहिलं.

२०२० च्या वसंतात हॉटेलात जाणं म्हणजे कोविडच्या तोंडी जाणं होतं. मग गावाने ठरवलं, की शहरात जायचंच नाही. कुटुंबं आपापल्या जुन्या शिकारीच्या ठिकाणी उंच जागी रानात गेली. तंबू ठोकले, चुली पेटवल्या. एरवीही ते दिवस रानहंसांच्या शिकारीचेच असतात. गोठलेल्या नद्यांवरून हंसांचे थवे उत्तरेला परततात आणि गावांतल्या शाळांना त्यासाठी सुट्टी असते. त्या वर्षी पूर आणि महासाथ, दोन्हींपासून बचाव एकाच ठिकाणी झाला. मुलांनी आजोबांकडून हंस सोलायला शिकायचं, हा अभ्यासक्रम तसाही कुठल्या मंडळाने मंजूर करावा लागत नाही.

वेशीच्या आत

आणि तरीही पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, याच काशेचवनमध्ये कोविड शिरला तो वणव्यासारखा पसरला. दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली, त्यांत बरीचशी मुलं होती. मोठ्यांचं लसीकरण झालं होतं, लहानांना लस अजून मिळत नव्हती. चीफ लिओ फ्रायडे यांनी आणीबाणी जाहीर केली आणि लष्कराची मदत मागितली.

हे कसं झालं ते गावातल्या कुठल्याही घरात शिरलं की समजतं. तीन खोल्या आणि दहा-बारा माणसं. झोपायला पाळ्या. ज्याला लागण झाली त्याला वेगळं ठेवायचं म्हणजे नेमकं कुठे? शाळेचा हॉल, चर्च, तंबू. आदिवासी राखीव जमिनीची मालकी कायद्याने ‘क्राउन’कडे, म्हणजे शासनाकडे. त्यामुळे ती गहाण टाकून घरबांधणीचं कर्ज काढणं अवघड. घरं मुख्यतः केंद्राच्या निधीतून, गावाच्या मंडळामार्फत बांधायची. निधी उशिरा आला आणि बर्फाचा रस्ता निघून गेला, की वासे आणि पत्रे पुढच्या हिवाळ्यापर्यंत अडकले.

पाण्याचं तर विचारूच नका. अट्टावापिस्कॅट नदीच्या वरच्या अंगाला, तळ्याकाठी, नेस्कांटागा हे तीनशे वस्तीचं गाव आहे. तिथे फेब्रुवारी १९९५ पासून पाणी उकळून प्यायची सूचना लागू आहे. हात धुवा, हात धुवा, असं सारं जग सांगत असताना ऑक्टोबर २०२० मध्ये गावाच्या टाकीतल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला आणि नळच बंद करावे लागले. शाळा आणि दवाखानाही कोरडा पडला. चीफ क्रिस मूनायस यांच्यासमोर पर्याय कुठले, तर साथीत गाव घेऊन शहरात जायचं, नाहीतर पाण्यावाचून राहायचं. गाव थंडर बेच्या हॉटेलात गेलं. ज्या वेशीवर महिनोन्‌महिने पहारा दिला, ती अशी नळापायी ओलांडावी लागली. लोक परतले ते डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी २०१५ मध्ये आश्वासन दिलं होतं, की आदिवासी वस्त्यांमधल्या अशा सर्व दीर्घकालीन सूचना मार्च २०२१ पर्यंत उठतील. ती तारीख आली आणि गेली.

नारिंगी विमानं

लसीकरण मात्र झपाट्याने झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ऑर्नज’ या प्रांताच्या हवाई रुग्णवाहिका सेवेने विमानाने गाठायच्या ३१ गावांत आणि मूसोनी या गावात मोहीम सुरू केली. उणे वीस अंशांत जपायची मॉडर्ना लस नारिंगी विमानांतून निघाली. बाहेर तापमान त्याहून खाली, त्यामुळे लस गरम होण्यापेक्षा ती सुईत गोठू नये ही काळजी. पण खरी तयारी त्याआधी झाली होती. कुठल्या दिवशी कुठे यायचं ते गावाशी बोलून ठरलं, येणाऱ्या पथकांना तिथल्या रीतिभातींची ओळख दिली गेली, दुभाषे आणि वडीलधारी मंडळी सोबत होती. शाळांमधल्या प्रयोगांची आठवण असलेल्या आजीला सुई टोचायची, तर आधी तिच्या शेजारी बसणारं ओळखीचं माणूस हवं.

म्हणूनच सोल मामाक्वा यांचं प्रकरण लोकांना लागलं. हे किंगफिशर लेक गावचे, उत्तरेकडच्या मतदारसंघाचे आमदार. लोकांची भीती जावी म्हणून चीफमंडळींनी बोलावल्यावरून ते उत्तरेत गेले आणि त्यांनी जाहीरपणे लस घेतली. मार्च २०२१ मध्ये त्यांनी सभागृहात आदिवासींच्या लसीकरणावर प्रश्न विचारला, तर प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी त्यांनाच रांग मोडल्याचा टोला हाणला. पुढे फोर्ड यांनी माफी मागितली. मामाक्वांचं काम चालूच आहे. २०२४ मध्ये ओंटारियोच्या सभागृहात ओजी-क्रीतून बोलणारे ते पहिले सदस्य ठरले.

लाकडं कुणी फोडायची?

२०२१ संपता संपता ओमायक्रॉन आला. बेअरस्किन लेक या चारशेच्या आसपास वस्तीच्या गावात काही दिवसांत निम्मी वस्ती पॉझिटिव्ह झाली. बहुतेक घरं लाकडाच्या शेगडीवर तापतात. बाहेर उणे तीसच्या खाली. सगळं घर आजारी पडलं तर लाकूड कोण आणणार, कोण फोडणार? चीफ लेफ्टी कामेनावाटमिन यांनी मदत मागितली, त्यात डॉक्टरांइतकीच गरज होती ती लाकूड फोडणाऱ्या आणि दारोदार पाणी-अन्न पोचवणाऱ्या हातांची.

शेजारची गावं लगेच धावली. लाकूड आलं, शिजवलेलं अन्न आलं, माणसं आली. ‘कॅनेडियन रेंजर्स’ही लागले. हे लष्कराचे राखीव सैनिक असले तरी उत्तरेत ते बहुतांशी गावांतलेच तरुण-तरुणी असतात. कुणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे हे त्यांना यादीवाचून माहीत असतं. लष्कराची मोठी तुकडी पाठवायची की नाही, याची चर्चा दूर ओटावात होत राहिली. शेगडी विझली नाही ती या हातांमुळे.

वेस बंद, फाईल उघडी

एक गोष्ट मात्र या काळात बंद झाली नाही. थंडर बेच्या ईशान्येला सुमारे पाचशे किलोमीटरांवर ‘रिंग ऑफ फायर’ नावाचा क्रोमाइट आणि निकेलचा पट्टा आहे. गावं बंद, सभा घेता येत नाहीत, मोठी माणसं आजारी. आणि खाणीच्या रस्त्यांच्या पर्यावरण तपासणीची कागदपत्रं येतच होती. जुलै २०२० मध्ये प्रांताने साथीतून सावरण्याच्या नावाखाली पर्यावरण मूल्यांकनाचा कायदाच बदलला. एप्रिल २०२१ मध्ये नेस्कांटागा, अट्टावापिस्कॅट आणि फोर्ट अल्बनी या तीन गावांनी आपल्याकडून या भागातल्या खाणकामाला स्थगिती जाहीर केली.

इथे मला या साऱ्या प्रकाराचा अर्थ लागतो. जे अधिकार गावाच्या हातात होते, ते गावाने चोख वापरले. वेस, रेडिओ, रान, लाकडाची मोळी यांत कुणी कमी पडलं नाही. घर, नळ, दवाखाना आणि जमीन यांचे निर्णय दुसऱ्याच्या टेबलावर होते, आणि साथ आत शिरली ती तिथूनच. या गावांचं कौतुक करताना आपण त्यांच्या चिवटपणावर थांबतो, आणि ते सरकारच्या फारच सोयीचं असतं. माणसं चिवट आहेत म्हणून पाइप बदलायचा नाही, असा तर त्याचा अर्थ होत नाही ना, हे ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्यातल्या पाड्यांकडे बघून तपासावं.

महासाथ संपल्याचं जगाने केव्हाच जाहीर केलं. नेस्कांटागाची पाणी उकळून प्यायची सूचना फेब्रुवारी २०२५ मध्ये तीस वर्षांची झाली.